हजरत जुबैर (रजि.) यांचे कर्ज आणि त्यांची वसीयत

सहाबांची चरित्रे आपल्या घरांत वाचली जातात ती बहुधा शौर्य, त्याग आणि इबादत यांसाठी. हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांचे नाव निघाले की बद्रच्या दिवशीची पिवळी पगडी आठवते, खंदकाच्या लढाईत बातमी आणण्यासाठी पुढे झालेला एकटा माणूस आठवतो, मिसरमधील किल्ल्याच्या तटाला लावलेली शिडी आठवते. परंतु इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात त्यांच्यासंबंधी जी एक प्रदीर्घ हकीकत नोंदवून ठेवली आहे, तिचा विषय त्यांच्या मृत्यूनंतरचा हिशेब हा आहे. कर्ज किती होते, जमीन कितीला घेतली होती आणि कितीला विकली गेली, तिचे तुकडे कोणी घेतले, वारसांना किती वर्षे थांबावे लागले, प्रत्येक पत्नीच्या वाट्याला काय आले, हे सारे तिच्यात आकड्यांसह आहे. मिंबरवरून ही हकीकत क्वचितच ऐकू येते.

ती आज सांगावीशी वाटते याला कारण आहे. कल्याणच्या पलीकडे, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात अनेक मुस्लिम कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर घेतले. कोणी मुंबईतील भाड्याची खोली सोडून आले, कोणी कोकणातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेशातून. लोकलचा लांबचा प्रवास पत्करला, कारण येथील घर आवाक्यात होते. ज्यांनी ती घरे घेतली ती पिढी आता एकेक करून निरोप घेत आहे. मागे राहते एक घर, कधी एखादा गाळा, आणि त्याबरोबर घरपट्टीची थकबाकी, सोसायटीची येणी, मित्राकडून घेतलेले हातउसने, पत्नीचा न दिलेला महर. मुलांना घराची किंमत तोंडपाठ असते. देण्यांची यादी कोणाजवळच नसते. हजरत जुबैर (रजि.) यांच्या घरातही जवळजवळ हीच स्थिती उद्भवली होती. मालमत्ता प्रचंड, कर्ज प्रचंड, आणि घरात रोख एक दिरहमही नाही.

ते कुरैशमधील बनू असद घराण्याचे. वडील अव्वाम हे उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) यांचे भाऊ, आणि आई हजरत सफिया (रजि.) या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आत्या. वडिलांचे छत्र लवकर हरपले. आईने मुलाला इतक्या कठोरपणे वाढवले की नातेवाईक तिला दोष देत; तो पुढे सैन्याला भारी ठरावा म्हणूनच आपण असे वागतो, असे तिचे उत्तर असे. इस्लाम स्वीकारला तेव्हा ते कोवळ्या वयाचे होते. चुलत्याने त्यांना चटईत गुंडाळून धुराने गुदमरवले, तरी ते ढळले नाहीत. मक्केत एकदा प्रेषितांना पकडल्याची अफवा उठली तेव्हा हा तरुण उघडी तलवार घेऊन रस्त्यावर आला. इस्लामच्या बाजूने उपसली गेलेली ती पहिली तलवार मानली जाते. हबशाची हिजरत, मग मदीनेची हिजरत, आणि त्यानंतर प्रेषितांबरोबरची सर्व युद्धे. ज्या दहा सहाबांना हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळाली, त्यांपैकी ते एक. त्यांचे पुत्र हजरत उर्वा लहानपणी वडिलांच्या खांद्यावरील जुन्या जखमेच्या खळग्यात बोटे घालून खेळत असत.

मदीनेत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक घोडा आणि पाणी वाहणारा एक उंट यांखेरीज काही नव्हते. ही गोष्ट त्यांच्या पत्नी, हजरत अबू बकर (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) यांनी स्वतः सांगितली आहे. घोड्याला चारा घालणे, पाणी भरणे, फाटलेली पखाल शिवणे, कणीक मळणे ही सारी कामे त्या करीत. भाकरी नीट जमत नसे म्हणून शेजारच्या अन्सारी स्त्रिया भाजून देत. प्रेषितांनी जुबैर (रजि.) यांना दिलेली जमीन घरापासून सुमारे तीन-चार किलोमीटर दूर होती. तेथून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणाव्या लागत. पुढे वडिलांनी घोड्याच्या देखभालीसाठी एक सेवक पाठवला तेव्हा आपली जणू सुटका झाली, असे त्यांना वाटले. या घराची पुढील संपत्ती पाहताना हा आरंभ ध्यानात ठेवला पाहिजे.

संपत्ती आली ती कशी, हे हदीसमध्ये नेमकेपणाने सांगितले आहे. ते कधीही कोठल्या प्रांताचे अमीर नव्हते, खराज किंवा अन्य कर वसूल करण्याचे काम त्यांनी कधी स्वीकारले नाही. प्रेषितांबरोबर आणि नंतर अबू बकर, उमर व उस्मान (रजि.) यांच्या काळातील मोहिमांत ते सहभागी झाले, व्यापार केला, जमीन घेतली. मदीनेत ११ घरे, बसऱ्यात २, कूफ्यात १ आणि मिसरमध्ये १ अशी घरे त्यांच्या मालकीची झाली. मदीनेच्या वेशीबाहेर गाबा नावाची मोठी जमीन त्यांनी १ लाख ७० हजारांना घेतली होती. सार्वजनिक तिजोरीशी संबंध आला नाही, हा उल्लेख रावीने मुद्दाम केला आहे. एवढी मालमत्ता पाहून कोणाच्या मनात शंका येऊ नये, हाच त्यामागील हेतू दिसतो.

मग एवढे कर्ज झाले कशाने? उधळपट्टी त्याला कारण नव्हती, गरजही नव्हती. लोक त्यांच्याकडे आपला पैसा अनामत म्हणून ठेवायला येत. प्रामाणिक माणसाकडे ठेव ठेवण्याची ती रीतच होती. हिजरतीच्या रात्रीपर्यंत मक्केतील विरोधकांच्या ठेवीही प्रेषितांच्या घरात होत्या. जुबैर (रजि.) मात्र येणाऱ्याला सांगत की अनामत म्हणून ठेवू नका, मला कर्ज म्हणून द्या, अनामत म्हणून ठेवली आणि ती हरवली तर तुमचे नुकसान होईल, अशी त्यांना भीती वाटे.

या एका वाक्यातील फरक शरीअतच्या दृष्टीने फार मोठा आहे. अनामत ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याच्या हलगर्जीपणाशिवाय नष्ट झाली, घर जळाले किंवा चोरी झाली, तर ती भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत फेडावेच लागते. म्हणजे लोकांचा धोका त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. बदल्यात तो पैसा व्यापारात फिरवण्याची मोकळीक त्यांना मिळाली, कारण अनामत वापरता येत नाही, कर्ज वापरता येते. व्याजाचा येथे लवलेशही नव्हता. देणाऱ्याचा पैसा सुरक्षित, घेणाऱ्याचा हात मोकळा. अशा रीतीने वर्षानुवर्षे रक्कम साठत गेली आणि अखेरीस २२ लाखांवर पोहोचली.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. भिशीचा पैसा, शेजारणीचे दागिने, गावाकडच्या भावाने पाठवलेली रक्कम विश्वासाने एखाद्याकडे ठेवली जाते, आणि ती अनामत आहे की उसनी, हे कोणीच बोलत नाही. अडचण आली की ठेवणारा ती खर्च करतो, मनात परत करण्याचा हेतू असतो, आणि मग मृत्यू गाठतो. दिव्य कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत देणे-घेणे लिहून ठेवण्याविषयी आहे. नमाजच्या वा रोजाच्या तपशिलालाही एवढी मोठी एक आयत दिलेली नाही. तरीही सख्ख्या भावाकडून चिठ्ठी घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपण मानत आलो.

जुबैर (रजि.) यांच्या प्रामाणिकपणाची ख्याती अशी होती की अनेक सहाबांनी मृत्यूपूर्वी त्यांनाच आपल्या मालमत्तेचा आणि मुलांचा सांभाळ सोपवला. हजरत उस्मान, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची नावे या संदर्भात येतात. ते त्या अनाथांचा पैसा जपून ठेवीत आणि त्यांच्यावरील खर्च स्वतःच्या खिशातून करीत. दुसऱ्यांच्या वसीयती अमलात आणता आणता स्वतःची वसीयत कशी असावी, याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला असावा.

त्याचा एक भाग त्यांनी हयातीतच उरकला. आपली घरे त्यांनी वक्फ केली आणि त्यात एक अट घातली. आपल्या ज्या मुलीचा तलाक होऊन ती माहेरी परत येईल, तिला त्या घरांत राहण्याचा हक्क असेल. तिने घराचे नुकसान करू नये आणि तिलाही कोणी त्रास देऊ नये. तिने पुन्हा विवाह केला तर हा हक्क संपेल. चौदा शतकांपूर्वीचा हा बाप आपल्या पश्चात परत येणाऱ्या मुलीसाठी छपराची व्यवस्था करून ठेवतो, आणि ती भावांच्या मर्जीवर न सोडता दस्ताच्या अटीत घालतो. बदलापुरातील दोन खोल्यांच्या घरात परत आलेल्या बहिणीला कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. वारसाहक्कात तिचा वाटा आहेच, परंतु घर एकच असेल तर तो वाटा हातात येईपर्यंत तिने राहायचे कोठे, हा प्रश्न जुबैर (रजि.) यांना आधीच सुचला होता.

हिजरी सन ३६, म्हणजे इसवी सन ६५६. बसऱ्याजवळ जमलची दुर्दैवी लढाई उभी राहिली. दोन्ही बाजूंना सहाबा होते. त्या मतभेदाचा निवाडा आपण करू नये, हीच अहले सुन्नतची भूमिका आहे, म्हणून येथे त्यात शिरत नाही. त्या सकाळी जुबैर (रजि.) यांनी ज्येष्ठ पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावले. आज आपण मारले जाऊ आणि तेही अन्यायाने, असे आपल्याला वाटते, हे त्यांनी सांगितले. समोर सैन्ये उभी असताना सर्वांत मोठी चिंता कोणती वाटते, तर कर्जाची. हे कर्ज आपल्या मालमत्तेतले काही शिल्लक ठेवील का, असे त्यांनी मुलाला विचारले.

मग वसीयत सांगितली. मालमत्ता विकून आधी कर्ज फेडावे. उरेल त्याचा एक-तृतीयांश वसीयतीसाठी, आणि त्या तृतीयांशाचा तिसरा भाग अब्दुल्लाह यांच्या मुलांसाठी. बाकी सर्व वारसांचे. यात एक बारकावा आहे. नियमित वारसाला वसीयतीतून जादा देता येत नाही, इतर वारसांची संमती असल्याखेरीज. अब्दुल्लाह हे वारस होते. परंतु मुलगा जिवंत असताना त्याची मुले, म्हणजे नातवंडे, वारस ठरत नाहीत, त्यामुळे त्यांना वसीयतीतून देणे पूर्णतः वैध. अब्दुल्लाह यांचे खुबैब आणि अब्बाद हे पुत्र वयाने आपल्या काही चुलत्यांच्या बरोबरीचे होते. त्या दिवशी जुबैर (रजि.) यांना नऊ मुलगे आणि नऊ मुली होत्या. वर्षानुवर्षांची यातायात ज्या मुलावर पडणार होती, त्याच्या घराला मर्यादेत राहून काही मिळावे, ही न्यायबुद्धी त्यात दिसते. एक-तृतीयांशाची मर्यादा त्यांनी ओलांडली नाही.

कर्जाविषयी ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कोठे अडलास तर माझ्या मौलाची मदत माग, असे त्यांनी म्हटले. मौला या शब्दाचे अरबीत अनेक अर्थ होतात, धनी, मित्र, मुक्त केलेला सेवक. मुलाला समजेना की वडील कोणाविषयी बोलत आहेत. त्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले की अल्लाहविषयी. पुढे कर्ज फेडताना जेव्हा जेव्हा अडचण आली तेव्हा तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) यांनी जुबैरच्या मौलाकडे दुआ मागितली आणि मार्ग निघाला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे.

त्याच दिवशी हजरत अली (रजि.) यांच्याशी बोलणे झाल्यावर प्रेषितांच्या एका जुन्या उद्गाराची आठवण होऊन जुबैर (रजि.) रणांगण सोडून निघाले. वाटेत वादी-अस-सिबाअ येथे इब्न जुर्मूज नावाच्या माणसाने त्यांचा घात केला. अली (रजि.) यांना त्याचे अतीव दुःख झाले.

अब्दुल्लाह (रजि.) यांनी हिशेब मांडला. रोकड काहीच नाही. देणे २२ लाख. या काळातील एक प्रसंग फार बोलका आहे. नात्यातील वडीलधारे हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) भेटले आणि आपुलकीने पुतण्या म्हणून हाक मारून विचारू लागले की माझ्या भावावर कर्ज किती आहे. अब्दुल्लाह (रजि.) यांनी खरा आकडा लपवला आणि १ लाख सांगितला. त्यावर हकीम (रजि.) म्हणाले की तुमच्या मालमत्तेतून एवढे फिटेल असे वाटत नाही. आता लपवण्यात अर्थ उरला नाही. २२ लाख असेल तर काय म्हणाल, असे त्यांनी विचारले. हे तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे, अडलात तर माझ्याकडे या, असे उत्तर मिळाले. वडिलांची अब्रू राखावी म्हणून मुलगा आकडा लपवतो, हे किती मानवी आहे! आणि आकडा उघड होताच मदतीचा हात पुढे येतो, हेही तेवढेच खरे आहे.

पूर्वी हजरत उमर (रजि.) यांनीही हेच केले होते. हिजरी २३ मध्ये खंजिराच्या जखमांनी अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी आपल्या मुलाला कर्ज मोजायला लावले. ते ८६ हजारांच्या आसपास निघाले. आधी उमरच्या घराण्याच्या मालातून फेडा, पुरले नाही तर बनू अदीकडे मागा, तेही पुरले नाही तर कुरैशकडे, त्यापलीकडे जाऊ नका, असा क्रम त्यांनी ठरवून दिला. खलीफाची अब्रू मरणशय्येवर कर्ज मोजल्याने गेली नाही.

येथे थकबाकीचा विषय ओघाने येतो. बँकेचे वा मित्राचे कर्ज हे कर्ज आहे, हे सर्वांना मान्य असते. घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी मात्र कर्जात मोजली जात नाही. उल्हासनगर महापालिका असो, अंबरनाथ असो की कुळगाव-बदलापूर, जुन्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. व्याज नको म्हणून बँकेच्या दारात न जाणारा गृहस्थ घरपट्टीचे बिल दहा-दहा वर्षे फडताळात ठेवतो आणि शेवटी त्याहून मोठा बोजा मुलांवर टाकून जातो. ही विसंगती आपल्या ध्यानातच येत नाही. शास्ती माफ करणाऱ्या अभय योजना उल्हासनगरात वेळोवेळी निघाल्या आहेत. त्यांत सूट शास्तीवर मिळते, मूळ कर द्यावाच लागतो. उमर (रजि.) यांच्या काळात हिजरी १८ च्या दुष्काळात जकातची वसुली थांबवली गेली होती. पाऊस झाल्यावर पुढल्या वर्षी दोन्ही वर्षांची जकात एकदम घेतली गेली, एका वर्षाची तेथल्याच गरिबांत वाटली आणि दुसरी मदीनेला आणली. वसुली पुढे गेली होती, देणे बुडाले नव्हते. पालिकेची थकबाकी ही जकात नव्हे, हे उघड आहे. परंतु ज्या रस्त्याचा, दिव्याचा, नळाचा उपयोग केला त्याचे देणे राहिले तर ते देणेच, असे या लेखकाला वाटते, आणि ते मृताच्या मालमत्तेतून वारसांच्या वाट्याआधी गेले पाहिजे. देशाचा प्राप्तिकर कायदाही मृताचा थकीत कर वारसांकडे मागतो, मात्र त्यांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. वारसाने स्वतःच्या पदरचे घालावे, अशी सक्ती तेथेही नाही आणि शरीअतमध्येही नाही.

अल्लाहचे देणे राहिले असेल तर काय, हा प्रश्न या भागात वेगळ्याच कारणाने उठतो. एकाच इमारतीत कोकणी शाफई आणि दख्खनी किंवा उत्तरेकडचे हनफी कुटुंब शेजारी राहते. न दिलेली जकात शाफई मतानुसार मृताच्या मालमत्तेतून वसीयत नसली तरी काढली जाते, आणि पैसा अपुरा असेल तर ती माणसांच्या कर्जाच्याही आधी येते. हनफी मतानुसार मृताने वसीयत केली असेल तरच ती काढायची, आणि तीही एक-तृतीयांशातून. म्हणून हनफी घरात तर जकातची थकबाकी वसीयतीत लिहून ठेवणे अधिकच निकडीचे ठरते. महराबाबत मात्र मतभेद नाही. न दिलेला महर हे पतीचे कर्ज आहे आणि वाटणीपूर्वी ते विधवेच्या हाती पडले पाहिजे. तिचा वारसाहक्काचा वाटा त्याहून वेगळा.

अब्दुल्लाह (रजि.) यांनी गाबाची जमीन विकायला काढली. ज्यांचे जुबैर (रजि.) यांच्याकडे येणे आहे त्यांनी गाबा येथे यावे, असे जाहीर केले. १ लाख ७० हजारांना घेतलेल्या त्या जमिनीची किंमत १६ लाख झाली. घाईत एकरकमी विकून टाकण्याऐवजी त्यांनी तिचे हिस्से पाडले, दर हिश्शाला १ लाख. येणेकऱ्यांत हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) होते, त्यांचे ४ लाख होते. तुमची इच्छा असेल तर मी ते सोडून देतो, असे ते म्हणाले. अब्दुल्लाह (रजि.) यांनी नकार दिला. मग सर्वांच्या शेवटी द्या, असे ते म्हणाले. तेही नाकारले. तेव्हा त्यांनी रोख रकमेऐवजी जमिनीचा तुकडा मागितला आणि तो येथून तेथपर्यंत असा सीमा दाखवून देण्यात आला. माफी घ्यायला हरकत नव्हती, शरीअत तिला परवानगी देते. परंतु जमीन पुरेशी आहे हे दिसत असताना मेलेल्या बापाच्या वतीने सवलत घेणे मुलाला रुचले नाही.

कर्ज फिटत गेले आणि साडेचार हिस्से उरले. अब्दुल्लाह (रजि.) अमीर मुआविया (रजि.) यांच्याकडे गेले तेव्हा तेथे अम्र बिन उस्मान, अब्दुल्लाह यांचे भाऊ मुंजिर आणि इब्न जमआ बसले होते. त्या तिघांनी प्रत्येकी एक हिस्सा १ लाखाला घेतला. उरलेला दीड हिस्सा मुआविया (रजि.) यांनी दीड लाखाला घेतला. गंमत अशी की अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी ४ लाखांच्या येण्यापोटी घेतलेला आपला तुकडा पुढे मुआविया (रजि.) यांनाच ६ लाखांना विकला. येणेकऱ्याचेही भले झाले.

आता कर्ज संपले होते आणि मुलगे म्हणू लागले की आमचा वारसा वाटून द्या. मागणी गैर नव्हती. अब्दुल्लाह (रजि.) यांनी शपथ घेतली की सलग चार वर्षे हजच्या मोसमात पुकारा केल्याशिवाय वाटणी होणार नाही, ज्याचे जुबैर (रजि.) यांच्याकडे काही येणे असेल त्याने यावे आणि घेऊन जावे. हजला इराक, मिसर, शाम, यमन सगळीकडचे लोक येतात. एखादा येणेकरी दूरच्या प्रांतात असेल, त्याला वार्ताही मिळाली नसेल, तर चार वर्षांत ती पोहोचेल, हा त्यामागील विचार. दर हजला पुकारा होत राहिला.

आपल्याकडे जनाजाच्या नमाजपूर्वी उभे राहून मयताकडे कोणाचे काही येणे असेल तर आमच्याशी बोला, असे एक वाक्य बोलले जाते. ती चांगली चाल आहे. प्रेषितांनीही एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवण्यास आरंभी नकार दिला होता, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्यावर घेतले तेव्हाच ते पुढे झाले. पण जमलेल्यांपैकी कोणी त्या क्षणी तोंड उघडत नाही, आणि चाळीस दिवसांनंतर कोणी आलेच तर आता एवढ्या उशिरा कसे, असे त्याला ऐकावे लागते. दरम्यान घरात दुसराच वाद सुरू झालेला असतो. सोसायटीच्या कागदावर नामनिर्देशित म्हणून थोरल्याचे नाव असते आणि तो स्वतःला मालक समजू लागतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार तो वारसांच्या वतीने तात्पुरता सभासद असतो, घर सर्व वारसांचे असते, बहिणींचे आणि आईचेही. १९३७ च्या शरीअत कायद्यान्वये तो वाटा त्यांना मिळायचा आहे. अब्दुल्लाह (रजि.) हेही थोरले होते, सारा कारभार त्यांच्या हाती होता, आणि त्यांनी चार वर्षांत त्यातून स्वतःसाठी काहीही आधी उचलले नाही.

चौथा हज पार पडला. एक-तृतीयांश वसीयतीचा वेगळा काढला गेला आणि उरलेला वारसा वाटला गेला. जुबैर (रजि.) यांच्या मागे चार पत्नी होत्या. मुले असल्याने पत्नींचा एकत्रित वाटा एक-अष्टमांश, तो चौघींत समान. प्रत्येकीच्या हाती १२ लाख आले.

हदीसमध्ये एकूण मालमत्ता ५ कोटी २ लाख दिली आहे, आणि येथे हदीसच्या भाष्यकारांना एक कोडे पडले. चौघींचे मिळून ४८ लाख, त्याच्या आठपट ३ कोटी ८४ लाख, हे वारशाचे दोन-तृतीयांश. त्यात वसीयतीचा तृतीयांश १ कोटी ९२ लाख आणि कर्जाचे २२ लाख मिळवले तर बेरीज ५ कोटी ९८ लाख होते. दिलेल्या आकड्याशी ती जुळत नाही. हाफिज दिमयाती (रह.) यांनी त्याची उकल सुचवली. मृत्यूच्या दिवशीच्या किमतीने पाहिले तर प्रत्येक पत्नीचा वाटा १० लाख येतो. त्यावरून वारशाचे ३ कोटी २० लाख, वसीयतीचे १ कोटी ६० लाख आणि कर्ज २२ लाख अशी बेरीज केली की बरोबर ५ कोटी २ लाख होतात. प्रत्येकीला मिळालेले जादा २ लाख हे वाटणी थांबलेल्या चार वर्षांत जमिनी आणि घरांच्या उत्पन्नातून वाढले. येणेकऱ्यांची वाट पाहण्यात गेलेल्या त्या काळात सर्व मालमत्तेची वाढ ९६ लाखांची झाली होती.